परतीपुरती शक्ति

थांबावें केव्हां हें ज्याला कळलें त्याला शहाणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परत केव्हां फिरावें हें कळणें त्याहून अवघड, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. या दोहोंतील अंतर मीं डोंबिवलीच्या एका दोन खोल्यांच्या घरांत पाहिलें.

माझा भाचा ठाण्यास नोकरीला आहे. आठवड्याचे सहा दिवस कचेरीचे आणि लोकलचे. रविवार तेवढा त्याचा स्वतःचा. अशा रविवारांतून त्यानें जेवणाच्या ताटाएवढें एक चाकांचें यंत्र तयार केलें. तें खुर्च्यांच्या पायांमधून हिंडतें, भिंत आली कीं वळतें, आणि याहून उपयोगाचें कांहीं करीत नाहीं. माझी ताई त्याला ‘तुझें कासव’ म्हणते.

लोकलगाडीचें एक बरें असतें. १९२५ सालीं बोरीबंदराहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली, तेव्हांपासून तिचें अन्न डोक्यावरच्या तारेंतून वाहत आहे. कासवाला मात्र आपला डबा पाठीवर घेऊन फिरावें लागतें. या डब्यांत लिथियमचे घट आहेत. भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट, तो ३ च्या फार खालीं गेला तर घटाची प्रकृति कायमची बिघडते. म्हणून भाच्यानें दाबावर एक पहारेकरी नेमला: आंकडा उतरला कीं मोटार बंद.

परंतु पहारेकऱ्यालाहि चकवे बसतात. मोटार सुरू होतांना दाब क्षणभर घसरतो, वस्तुतः घट रिकामा नसतो. तेव्हां चार-दोन क्षण धीर धरून मगच निर्णय द्यावा लागतो. उलट मोटार बंद होतांच ओझें उतरतें आणि दाब पुनः चढतो. यंत्र ताजेंतवानें झालेंसें दिसतें, निघतें, आणि दोन पावलांवर बसतें. यासाठीं थांबण्याचा आंकडा व पुनः निघण्याचा आंकडा यांत चांगलें अंतर ठेवावें लागतें. रविवारच्या दुपारच्या झोपेनें आठवड्याचा शीण गेला असें मानणाऱ्यांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एवढें करूनहि कासव थांबे तें नेमकें पलंगाखालीं, आणि तें ओढून काढण्यासाठीं ताईला गुडघे टेकावे लागत. घट वाचला, पण घर गांठलें नाहीं! मग भाच्यानें दुसरा, वरचा आंकडा ठरविला. तेथें पोंचतांच कासव हिंडणें सोडतें, कोपऱ्यांतल्या चार्जरवरच्या दिव्याचा माग काढतें, आणि दोन पितळी पट्ट्यांना जाऊन टेकतें.

ही युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानें १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी नांवाचीं यांत्रिक कासवें केलीं. त्यांच्या खुराड्यांत प्रखर दिवा असे. घट भरलेले असतांना तीं त्या उजेडाला बुजून दूर जात. शक्ति उणावली कीं तोच उजेड त्यांना ओढून घेई. दिवा तोच, भुकेनें त्याचा अर्थ बदले.

“मामा, वरचा आंकडा घटावरून ठरत नाहीं,” भाचा मला समजावीत होता. “घर किती लांब आहे त्यावरून ठरतो. परतीपुरती शक्ति उरली असतांनाच फिरायला हवें.”

“आणि तुझा आंकडा कोणता रे?” ताईनें स्वयंपाकघरांतून विचारलें. वर्षभर तो रात्रीं दहाच्या आंत घरीं आलेला नाहीं; आला कीं जेवतो आणि निजतो. त्यानें उत्तर दिलें नाहीं. मान खालीं घालून पट्टी घांसूं लागला.

ठाण्याहून डोंबिवलीस येतांना वाटेंत दिवा नांवाचें स्टेशन लागतें. रात्रीच्या गाडींत तेथवर निम्मे लोक उभ्यानेंच पेंगत असतात. वरच्या तारेंत २५,००० व्होल्ट वाहत असतात. तिच्याखालून जाणारीं माणसें मात्र घटांवर चाललेलीं असतात. त्यांना घरीं पोंचविण्याचें काम गाडी करते, म्हणून परतीपुरतें कांहीं शिल्लक ठेवावें हें त्यांच्या ध्यानांतच येत नाहीं. पण पोंचल्यावर आईशीं दोन शब्द बोलण्यापुरती शक्ति कोणती तार देणार?