छऱ्याची बंदूक आणि आमची हद्द

नेम चुकला कीं बंदुकीस दोष देण्याची चाल फार जुनी आहे. आम्हींही बाळपणीं तेंच केलें, आणि त्याचें मोल एका मुक्या पांखरास द्यावें लागलें. ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही सातव्या इयत्तेंत असतां उन्हाळ्याच्या सुटींत गोदावरीकांठीं मामांकडे गेलों होतों. मामांजवळ एक जुनी छऱ्याची बंदूक होती. धान्याची नासाडी करणाऱ्या उंदरांसाठीं त्यांनीं ती ठेविली होती. दुसऱ्या कोणत्याही जीवावर ती रोखावयाची नाहीं, अशी घरांत सक्त ताकीद असे. एके दुपारीं मामा निजले असतां आम्हीं ती हळूच काढिली व मळ्याच्या कुंपणाशीं गेलों. समोर बाभळीवर एक होला बसला होता. अंतर चाळीस पावलांहून कमी नसावें. आम्हीं नळी दगडी गडग्यावर टेकविली, दस्ता घट्ट आवळला आणि चाप ओढला. पांखरूं खालीं पडलें, परंतु मेलें नाहीं; मोडका पंख ओढीत तें कांटेरी झुडपांत शिरलें.

दुसरें कांहीं सुचेना म्हणून आम्हीं मामांना उठविलें. त्यांनीं एक शब्दही न बोलतां बराच वेळ शोधून त्यास बाहेर काढिलें व त्याच्या यातना संपविल्या. "बंदुकीची नळीच वांकडी आहे," असें आम्ही पुटपुटलों. तेव्हां मामा म्हणाले, "नळी सरळ आहे रे. तुला जेवढं जमतं, त्याच्या पलीकडे तूं चाप ओढलास."

दुसऱ्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. मामांचा नियम साधा होता. कागदावर रुपयाचें नाणें ठेवून वर्तुळ काढावयाचें, पाठीशीं मातीचा ढिगारा, व दहा पावलांवरून पांच छर्रे मारावयाचे. पांचही वर्तुळांत पडले तरच दोन पावलें मागें सरकावयाचें. एकही बाहेर गेला, तर आधींचें अंतर हीच आपली हद्द.

पहिल्या दिवशीं पांच छर्रे पांच दिशांना गेले. मामांनीं कारण उलगडून दाखविलें. या बंदुकींत दारू नसते. चाप ओढतांच दाबून ठेविलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढें धांवतो व त्यानें दाबलेली हवा छऱ्यास ढकलते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच या धक्क्यानें बंदूक मागेंपुढें हालते. हें हालणें कोणासही थांबवितां येत नाहीं. तें प्रत्येक वेळीं सारखें व्हावें, एवढेंच आपल्या हातीं असतें. दगडावर टेकविलेली नळी उसळते, आणि आवळलेली मूठ दर खेपेस निराळी आवळली जाते. म्हणून डावा तळवा उघडा ठेवून त्यावर बंदूक नुसती विसावूं द्यावी. हात टेकावयाचाच तर गोणपाटाच्या घडीवर टेकावा.

दृष्टि निशाणावर न खिळवितां नळीच्या टोंकावरील माशीवर ठेवावी; निशाण किंचित् अंधुक दिसलें तरी चालतें. अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबावें, आणि चाप झटक्यानें न ओढतां हळूहळू दाबावा. छर्रा सुटल्यावरही डोळा लगेच उचलूं नये. कडा चेपलेले छर्रे आम्ही निवडून बाजूस टाकूं लागलों, तेव्हां कागदावरील भोंकें आणखी जवळ आलीं. लांबवर छर्रा खालीं झुकतो व वाऱ्यानें बाजूस ढळतो, हेंही त्या कागदानेंच शिकविलें.

सुटी संपतां संपतां आमची हद्द सोळा पावलांवर पोहोंचली. चाळीस पावलांवरील त्या होल्याशीं आम्हीं काय केलें होतें, हें तेव्हां खरें उमगलें.

शेवटच्या सायंकाळीं मामांनीं बंदूक आमच्या हातीं दिली. खळ्याच्या मातीच्या बांधाशीं एक थोराड उंदीर बसला होता. अंतर वीस पावलें तरी असेल. आम्हीं नेम धरला, मनांत पावलें मोजलीं, आणि बंदूक खालीं घेतली. उंदीर निघून गेला. मामा कांहींच बोलले नाहींत, परंतु जेवतांना मामींना म्हणाले, "आतां याच्या हातीं बंदूक द्यायला हरकत नाहीं."

पुढें मोठेपणीं कळलें कीं, होल्यासारखें रानपांखरूं मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, व तेव्हांही होता. तरी ज्यांस नेमाची हौस आहे त्यांनीं हिरमुसूं नये. दहा मीटरांवरील स्पर्धेच्या कागदी निशाणाचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याहून कितीतरी लहान असतो. याच स्पर्धेंत अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं बीजिंग येथें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. कागदास यातना होत नाहींत, आणि तो खोटेंही बोलत नाहीं.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या हातीं बंदूक देण्यापूर्वीं कागद द्यावा, आणि त्याच्या पाठीशीं स्वतः उभें राहावें. आमचे मामा उभे राहिले, म्हणून आम्हांस आपली हद्द कळली.