मेन पिक्चरच्या आधी

पूर्वी पिक्चरला दहा मिनिटं उशीर झाला तरी कोणी जिवाचा आटापिटा करत नसे. "अजून डॉक्युमेंट्रीच चालू असेल, चल सावकाश!" परवान्याची अटच होती, त्यामुळे प्रत्येक थिएटरात मेन पिक्चरआधी फिल्म्स डिव्हिजनचं काहीतरी लागायचंच. धरणं, पूर, मंत्र्यांचे दौरे. डोअरकीपरची बॅटरी खुर्च्यांचे नंबर शोधत फिरायची आणि लोक खारे दाणे सोलत बसायचे.

पण फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरच्या सरकारी कचेरीत काही अवली माणसंही होती. जहांगीर भावनगरींच्या प्रोत्साहनाने एम. एफ. हुसेन यांनी तिथे लघुपट केला. राजस्थान, छत्री, कंदील, जोडा. गोष्ट नाही, फक्त चित्रांमागून चित्रं. १९६७ साली त्याला बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. प्रमोद पती तर प्रागला जाऊन अ‍ॅनिमेशन शिकून आलेले. त्यांनी १९७२च्या 'आबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरतींनाच बाहुलीसारखं वापरलं. माणूस जरासा हलला की एक फ्रेम, पुन्हा हलला की दुसरी. पडद्यावर तो चालत नाही, सरकतो. आपली पापणी लवते न लवते तोच भिंत रंगलेली असते.

असलं काही लागलं की पिटातून शिट्ट्या यायच्या. "अरे, रीळ बिघडलं काय?" तरी राजेश खन्नासाठी आलेल्या काकूही ते बघायच्या, कारण उठून जाणार कुठे?

आज 'आबिद' मोबाईलवर फुकट दिसतो. हवा तिथे थांबवून एकेक फ्रेम न्याहाळता येते. ही चैन तेव्हा नव्हती आणि मला ती मनापासून आवडते. पण तो शोधणार कोण? ज्याला आधीच नाव माहीत आहे, तोच. काकूंच्या मोबाईलवर तो आपणहून कधीच येणार नाही. त्या काळची सक्ती काही चांगली नव्हती आणि बहुतेक माल रटाळच होता, पण त्या रटाळ मालातून चुकूनमाकून एखादी कविता सगळ्यांच्या पुढ्यात पडायची. आता फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली.

मल्टिप्लेक्समध्ये हल्ली मेन पिक्चरआधी जाहिरातींचा रतीब संपता संपत नाही. थिएटरवाल्यांनी त्यातली पाच मिनिटं अशा एखाद्या लघुपटाला द्यावीत. असे लघुपट करणारी मुलं पुण्या-मुंबईत ढिगाने आहेत. लोक ओरडतील, तर ओरडू द्या.