मागे कोण बसणार?

वाघोलीत चारचाकी घ्यायची म्हटलं की एकच सल्ला मिळतो, तोही न मागता : उंच घ्या. सोसायटीचा वॉचमन तेच सांगतो, किराणावाला तेच सांगतो, आणि पावसाळ्यात केसनंद फाट्याच्या पाण्यात ज्याची गाडी बंद पडली तो शेजारी तर हात जोडून सांगतो. त्यांचं चुकत नाही. नगर रोडवर जरा वेळ उभं राहून पाहिलं तरी पटतं. खडीचे डंपर, पाण्याचे टँकर, गोडाउनांकडे निघालेले कंटेनर आणि त्यांच्यामधून अंग चोरून वाट काढणाऱ्या उंच, फुगीर एसयूव्ही. सेडान दिसतेही, पण बहुतेक पिवळ्या नंबरप्लेटची. म्हणून आम्ही सेडान बघतोय असं कळल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी अगदी सहज विचारलं, “कंपनीला लावणार का?”

लावणार नव्हतो. आम्हाला घरासाठीच हवी होती आणि कारण अगदी साधं होतं : डिकी.

वाघोलीतल्या अर्ध्याअधिक घरांचं गाव नगर रोडच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी असतं. कोणाचं शेवगाव, कोणाचं गेवराई, कोणाचं थेट नांदेड. नोकरी खराडीच्या आयटी पार्कात आणि सातबारा तिकडे, म्हणून माणसं मधल्या वाघोलीत राहिली. आमचं गाव अंबाजोगाई. नगर, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज असा तो रस्ता. जाताना गाडी हलकी असते. येताना तिचं वाण्याचं दुकान होतं. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, कुरडयांचा डबा, पेपरात गुंडाळलेले अर्धे कच्चे केशर आंबे, आणि फडक्याने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये ही सगळी मंडळी आमच्याबरोबर एकाच हवेत प्रवास करत. बरणी कितीही घट्ट बांधली तरी जामखेडपर्यंत तेल फडक्यावर उतरतंच. मग मोहरीचा आणि हिंगाचा वास एसीतून फिरत फिरत पुन्हा नाकाशी येतो. लेक काच खाली करते, नवरा काच वर करतो.

सेडान म्हणजे तीन खोक्यांची गाडी. पुढे इंजिन, मधे माणसं, मागे सामान. वाड्यात ओसरी, माजघर आणि कोठीची खोली असायची तशी ही वाटणी. कोठीचं दार वेगळं, त्यामुळे तिचा वास माजघरात येत नाही. आता निघालेल्या बहुतेक गाड्यांनी मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली आणि तिला मोकळेपणा असं नाव दिलं. असेल. लोणचं त्यांच्या गाडीत नसेल.

एके काळी घरची गाडी म्हणजे हीच असायची, तिला वेगळं नावही लागत नव्हतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघायची. पुढे तिचं पद्मिनी झालं, तरी लोक फियाटच म्हणत राहिले. तालुक्याच्या गावी ती डॉक्टरांकडे असे, फार तर वकिलांकडे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, पुढे सलग बाकासारखी सीट, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे मोजायचं नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायला लोक गेले. फोटो काढून उंच गाड्यांतून घरी आले असणार.

मग 1998 च्या जानेवारीत होंडा सिटी आली. त्या पिढीतल्या मध्यमवर्गाला ‘मोठी गाडी’ म्हणजे काय ते तिने शिकवलं. ह्युंदाईची व्हर्ना, मारुतीची सियाझ या सगळ्या नंतरच्या. आमच्या रस्त्याचाही या कहाणीत वाटा आहे. शिक्रापूर ओलांडून पुढे गेलं की रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना लागतो, महागणपतीच्या जवळच. 2009 मध्ये आलेली फियाट लिनिया तिथे बनायची. जड दाराची, गोल अंगाची, देखणी गाडी होती ती. तिच्यातलं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसवलं गेलं की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि ते इंजिन संपलं, लिनिया त्याच्या आधीच गेली होती. कारखाना चालू आहे, पण आता तिथून जीप बाहेर पडते. जीपही उंचच.

उंच गाड्यांचं वारं काही वाघोलीपुरतं नाही. अमेरिकेत फोर्डने 2018 मध्येच जाहीर करून टाकलं की तिथे सेडान विकणं आम्ही हळूहळू बंद करणार. आपल्याकडे त्या वाऱ्याला करांनीही हातभार लावला. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. मग पुण्याच्याच टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची शेपटी छाटून ती चार मीटरच्या आत बसवली, आणि सेडानच्या शेपट्या छाटण्याची रीतच पडली. आता 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यांवर 40. स्कोडा स्लाव्हियाच्या छोट्या इंजिनाची गंमत पाहा. ते 999 सीसीचं, म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने गाडी लहानच. पण लांबी 4541 मिलिमीटर भरते, म्हणून ती 40 टक्क्यांच्या रांगेत. बावीस टक्क्यांचा फरक नुसत्या शेपटीचा. वर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्राचा 12 टक्के वाहन कर. नवऱ्याने एक्सेलमध्ये हे आकडे भरले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, त्या शेपटीसाठीच तर घेतोय ना.

त्याच्या एक्सेलमध्ये गाड्या चारच उरल्या होत्या. सियाझ 2025 मध्ये बंद झाली. डिझेल या वर्गातून आधीच गेलं होतं. राहिल्या सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस. शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी, चाकणच्या एकाच कारखान्यातल्या. व्हर्टस तिथून जहाजाने मेक्सिकोलाही जाते, याचं मला उगीच कौतुक वाटलं. डिकी सिटीची 506 लिटर, बहिणींची 521, व्हर्नाची 528. एवढ्या फरकात बरणीसुद्धा इकडची तिकडे होत नाही. सिटीची हायब्रिड एव्हरेजला सगळ्यांच्या पुढे, पण बॅटरी मागे असल्याने तिची डिकी बरीच आटते. ती आमच्यासाठी तिथेच बाद झाली. सुरक्षेच्या चाचणीत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना तिघींना ग्लोबल एनकॅपचे 5 तारे. व्हर्नाच्या सांगाड्याला मात्र त्याच अहवालात अस्थिर म्हटलेलं आहे. जाहिरातीत तारे येतात, ती ओळ येत नाही.

शोरूममध्ये सेल्समनने चारही ठिकाणी किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. चारही ठिकाणी त्याने ती माझ्याकडे सरकवली. घरात गाडी मी चालवते. नवऱ्याला लायसन्स आहे, उत्साह नाही.

मला आवडली व्हर्टस. लोहगावच्या रस्त्यावर जरा मोकळीक मिळाली आणि पाय दाबला तशी ती जमिनीला चिकटून निघाली. उंच गाडीत वळणावर जे कलल्यासारखं होतं ते अजिबात नाही. पण वाघोलीत मोकळा रस्ता किती आणि स्पीडब्रेकर किती! रस्त्यांच्या नियमपुस्तकातला गतिरोधक फार सभ्य असतो. उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे गाडी त्यावर हलकेच चढते आणि हलकेच उतरते. आमच्या गल्लीतले गतिरोधक ज्याने त्याने आपापल्या फाटकासमोर उरलेल्या सिमेंटचे घातलेले आहेत. उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी हातभर. पुढची चाकं उतरून गेलेली, मागची अजून यायची, आणि मधे पोट टेकतं. खर्रर्र असा तो आवाज पोटातूनच येतो, गाडीच्या आणि आपल्याही. कंपन्या ग्राउंड क्लिअरन्सचा जो आकडा छापतात तो रिकाम्या गाडीचा. स्लाव्हिया-व्हर्टसचा 179 मिलिमीटर, सिटीचा 165. पाच माणसं आणि पोतं घातल्यावर तो किती उरतो हे सेल्समनला विचारलं, तर त्याने सनरूफ उघडून दाखवलं.

त्यावर उपाय आहे, तो इथले सगळे सेडानवाले करतात. ब्रेकर तिरका घ्यायचा. आधी डावं चाक, मग उजवं, मग मागचं डावं, मागचं उजवं. गाडी अंग वळवत उतरते, पोट सुटतं. मागचा बाइकवाला वैतागून हॉर्न देतो, पण देऊ दे.

हे सगळं जमलं असतं. अडलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांवर.

आईंना चौथ्या शोरूमला आम्ही बरोबर नेलं. मागची सीट त्यांचीच, म्हणून एक्सेलमध्ये लेगरूमचा रकाना सगळ्यात वर होता. तोपर्यंत तिथे बसून पाहिलं होतं ते नवऱ्याने आणि लेकीने. नवरा म्हणाला, पाय लांब होतात. व्हर्नात लेक म्हणाली, डोकं टेकतंय, कारण तिचं छप्पर मागे उतरत येतं आणि लेक वर्षभरात बापाएवढी झाली आहे. मधल्या जागेसाठी आम्ही कोणाला विचारलंच नाही. तिथे खालचा उंचवटा दोन पायांमधे घेऊन बसावं लागतं आणि ती जागा प्रत्येक घरात सगळ्यात गरीब माणसाची असते. आता तिथेही खांद्यावरून येणारा पट्टा असतो, एवढी सुधारणा. मागे पट्टा लावायचा असतो हे आपल्याला कळलं तेच सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर, सप्टेंबर 2022 मध्ये. कळलं, लावतो किती जण ते नगर रोडवर दिसतंच.

आईंनी मागचं दार धरलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हितं बसायचंय का उतरायचंय?”

मग बसल्या. बसल्या म्हणजे शेवटचं चार बोटं अंतर त्यांनी देवावर सोडलं. सेल्समन म्हणाला, “बघा आजी, किती ऐसपैस!” आजी म्हणाल्या, “ऐसपैस हाय, पन निघताना कोन काढनार मला?” आणि खरंच, निघताना एका हाताने वरचं हँडल, दुसऱ्याने माझा दंड, आणि चौकटीला डोकं आपटू नये म्हणून नवऱ्याचा तळवा त्यांच्या डोक्यावर. सेडानची सगळी ऐट तिच्या ठेंगणेपणात आहे, आणि सत्तरीच्या गुडघ्याला तोच नेमका नको असतो. गाडी जमिनीशी जितकी चिकटून पळते तितकीच म्हातारी माणसं तिच्यात खाली जातात. चार रकान्यांच्या त्या तक्त्यात ‘उठताना’ असा रकाना नव्हता.

मी जवळपास एसयूव्हीला तयार झाले होते. लोणच्याचं काय ते बघू म्हटलं.

तोडगा आईंनीच काढला. त्यांनी पुढचं डावं दार उघडायला सांगितलं. मी सीट मागे सरकवली, शेवटच्या खाचेपर्यंत. पुढचं दार मोठं उघडतं, समोर जागा राहते. त्यांनी पाठ गाडीकडे केली, आधी बूड टेकवलं, मग लुगडं सावरत दोन्ही पाय एकदम आत फिरवले. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी खुर्चीसाठी शिकवलेली हीच युक्ती. उतरताना उलट, आधी दोन्ही पाय बाहेर, मग दाराला धरून सावकाश उभं राहायचं. कोणाचाही तळवा डोक्यावर ठेवावा लागला नाही. दोनदा करून पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला त्या तिथेच बसून राहिल्या. आरशात तोंड पाहिलं, एसीची झडप आपल्याकडून फिरवली, आणि मागे वळून मुलाला म्हणाल्या, “तू बस की मागं.”

मागच्या सीटचा सगळा अभ्यास ज्याने केला होता तो तिच्यावर बसला, मांडीवर फाइल घेऊन. त्याच्या मनातला सगळ्यात वरचा रकाना एका मिनिटात खाली गेला आणि स्लाव्हियाचं पारडं जड झालं. डिकी भरपूर, पोट जरा उंच, किंमत ताणून बसणारी. व्हर्टसच्या बहिणीवर मी समाधान मानलं. चालवायला दोघी सारख्याच, एवढं मला पुरे.

पार्किंगमध्ये टेप लावून झाली आहे. आमच्या खांबापासून समोरच्यांच्या स्कूटरपर्यंत गाडी बसते, स्कूटर वीतभर सरकवली तर डिकीही उघडते. त्यासाठी समोरच्यांना गोड बोलून घ्यावं लागेल. मेट्रोचं कोणीतरी काढलंच. रामवाडी ते वाघोली मार्गाला 2025 च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, मग कशाला एवढा खर्च? मेट्रो अंबाजोगाईला जात नाही, असं मी सांगितलं.

आता वाद रंगाचा आहे. लेकीला लाल हवी. नवऱ्याला पांढरी, कारण खाणींची धूळ तिच्यावर कमी दिसते. मला निळी आवडली आहे, पण ती मिळायला थांबावं लागेल म्हणतात. आईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “पोतं मावतंय ना? मग कोनती का असंना.”