ठरवलं कुणी?

अर्थशास्त्रात एम.ए. करून एका संशोधन प्रकल्पात घरोघरी मुलाखती घेण्याचं काम मिळालं. ‘कुटुंबं निवृत्तीचं नियोजन कसं करतात आणि निर्णय कसे घेतात’ हा विषय ऐकून मला हायसंच वाटलं, कारण पुस्तकात तो वाचला होता. फ्रँको मोदिग्लियानी यांना 1985 चं नोबेल मिळालं, त्यात आयुर्चक्राच्या सिद्धांताचा मोठा वाटा होता. माणूस कमावत्या वयात शिल्लक टाकतो, कमाई थांबली की ती मोडून खातो आणि राहणीमान हयातभर साधारण सारखं ठेवतो. आलेखावर हे फार सुबक दिसतं. पिंपरी-चिंचवडच्या पहिल्याच घरात त्या आलेखाला टेकायला जागा मिळेना.

प्रश्न होता, ‘निवृत्तीनंतर किती रक्कम लागेल याचा हिशेब तुमच्या घरात कुणी केला होता का?’ समोर बसलेले काका इंजिनिअरिंग कंपनीतून निवृत्त झालेले. म्हणाले, “हिशेब कसला? पीएफ होता की.” आतून काकूंचा आवाज आला, “होता!” त्या एका शब्दाची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

पीएफचं काय झालं, ते काकूंनी चहा देता देता सांगितलं. फ्लॅटचे पैसे भरताना काही उचलला, मोठीच्या लग्नात काही, धाकट्याच्या शिक्षणाला काही. तेव्हाच्या नियमांनी घरासाठी उचल मिळायची आणि सात वर्षं सभासद राहिल्यावर लग्न-शिक्षणासाठी स्वतःच्या हिश्शातला निम्मा भाग काढता यायचा. प्रत्येक उचल घरात बोलून, क्वचित भांडून झालेली. निवृत्तीवर मात्र कधीच बैठक बसली नाही. बाकीचं सगळं भागवून जे उरलं, ते निवृत्तीच्या वाट्याला आलं.

पेन्शनचा आकडा विचारला तर काकांनी पासबुकच पुढे केलं. महिन्याला तीन हजारांच्या आसपास. मला वाटलं, एखादा आकडा छापायचा राहिलाय. रात्री नियम काढून बसले. पीएफच्या 1995 च्या पेन्शन योजनेत पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70, असं सूत्र आहे. पण हा पगार म्हणजे खरा पगार नव्हे. सर्वसाधारण सभासदाच्या बाबतीत तो सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपयांवर आणि त्याआधी बरीच वर्षं 6,500 वर थांबवलेला. हातात चाळीस हजार पडत असले तरी पेन्शन त्या थांबवलेल्या पगारावरच. पुढच्या घरांत हेच विचारत गेले, तेव्हा पेन्शन किती बसेल हे बहुतेकांना ती सुरू झाल्यावरच कळलेलं होतं.

इचलकरंजीत वेगळीच गंमत. आमच्या प्रश्नावलीत आर्थिक साक्षरता तपासणारे तीन प्रश्न होते. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी ते बेतले आणि कितीतरी देशांत ते विचारले गेले. पहिला सोपा: खात्यात शंभर रुपये ठेवले, व्याज दोन टक्के, तर पाच वर्षांनी 102 पेक्षा जास्त होतील, तेवढेच की कमी? यंत्रमाग कामगाराच्या घरातल्या आजींनी मलाच उलट विचारलं, “दोन टक्के महिन्याला का वर्षाला?” वर्षाला म्हटल्यावर हसल्या. “वर्षाला दोन टक्क्यानं कोण ठेवतंय, बाळ? महिन्याला म्हण. शंभराचं साठ महिन्यांत दोनशे वीस होतात. व्याजावर व्याज धरलंस तर त्याहून वर.” त्या भिशी चालवतात. हातउसने शेकडा दोन-तीनच्या महिनावारी दराने फिरतात, ते त्यांच्या रोजच्या ऐकण्यातलं. मी ‘बरोबर’वर खूण केली खरी, पण परीक्षा नक्की कुणाची झाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच घरात निवृत्तीचं वय विचारलं. “हात चालतायत तवर,” आजोबा म्हणाले. आठवड्याला पगार, तोही कापडाच्या हिशेबाने, त्यात पीएफची कपात कधी झालीच नाही. अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली ती 18 ते 40 वयाच्या लोकांसाठी, तोवर आजोबांचं वय उलटून गेलं होतं. 65 नंतर मिळणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांवर त्यांची मदार. मग नियोजन केलंच नाही, असं लिहायचं का? आजोबा म्हणाले, “केलं की. थोरल्याला गावाकडची जमीन, धाकट्याला हे घर, आणि आम्ही धाकट्याकडं.” वाटणीचा कागद त्यांच्याकडे आहे. आमच्या प्रश्नावलीत त्याला ‘वारसाहक्क’ म्हणतात, आणि तो विभाग पार शेवटी येतो.

याच्या अगदी उलट एक शिक्षक जोडपं भेटलं. नवरा 2005 च्या जूनमध्ये लागला, बायको 2006 मध्ये. राज्य सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासून लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. त्यामुळे एकाच घरात एकाचं म्हातारपण सरकारच्या हमीवर आणि दुसरीचं बाजाराच्या चढउतारावर. त्यांनी वही घातली होती. कर्जाचे हप्ते त्याच्या पगारातून जातात, तिच्या पगारातून शिल्लक पडते. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च 2023 च्या संपात दोघंही होते. इतकं नेटकं नियोजन मला दुसरीकडे दिसलं नाही. तारखेची रेघ थेट घरातून गेली, तेव्हा दोघांना समोरासमोर बसावंच लागलं.

बाकी घरांत उत्तर देणारे कुटुंबप्रमुख, म्हणजे पुरुष. मिशिगन विद्यापीठ 1992 पासून पन्नाशीपुढच्या अमेरिकनांचा मोठा अभ्यास करतं. त्यात जोडप्यापैकी ज्याला पैशांची माहिती जास्त, त्याच्याकडून आर्थिक प्रश्नांची उत्तरं घेतात. आपल्याकडे 2017-18 मध्ये झालेल्या, वार्धक्यावरच्या लासी सर्वेक्षणाने 45 पुढच्या लोकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही, वय कितीही असो, मिळून सुमारे 72,000 जणांच्या मुलाखती घेतल्या. हे आधी वाचलं तेव्हा उगाचचा खर्च वाटला होता. आता कळतं. काका ‘गुंठाभर प्लॉट आहे’ म्हणतात, तो कुणाच्या नावावर आहे हे काकू सांगतात. काकू ‘पेन्शन आहे’ म्हणतात, पण काकांच्या माघारी ती निम्मी होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बायका सहसा जास्त जगतात, नवऱ्याहून वयाने लहानही असतात. म्हणजे त्या निवृत्तीचा सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात कमी पैशांचा तुकडा त्यांच्याच वाट्याचा.

पुढच्या फेरीसाठी मी एकच प्रश्न सुचवलाय: ‘तुमच्यापैकी एकच मागे राहिलं, तर घरात महिन्याला किती येतील?’ तो दोघांना एकत्र बसवून विचारायचा. चाचणी म्हणून काही घरांत विचारला. माझं पेन तसंच राहतं आणि नवरा-बायकोच बोलू लागतात. कुणी कपाटातून पॉलिसी काढतं, कुणी मुलाला फोन लावतं. आमच्या प्रकल्पाच्या मॅडमना भीतभीत विचारलं, आपण विचारल्यामुळेच लोक निर्णय घ्यायला लागले तर आपली माहिती बिघडत नाही का? त्या म्हणाल्या, “बिघडते. बिघडू दे. फक्त कितव्या मिनिटाला बिघडली ते लिहून ठेव.”