चाओ फ्रायाच्या काठी मोगऱ्याचा भात

वाडग्यात भात, भातावर बर्फ, आणि वरून मोगऱ्याच्या पाण्याची धार! अजून तो वास नाकातून जात नाही.

बँकॉकचं हे जुनं शहर, रत्नकोसिन, पहिल्या रामराजाने 1782 मध्ये वसवलं. राजवाडा, शेजारी वाट पो मंदिरातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि लगतच्या ता तियेन घाटाजवळच्या बोळात आमचं उंची उपाहारगृह. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत लहानाचे मोठे झालो आम्ही. बुद्ध म्हटला की काळा कातळ आठवणार. इथे चाओ फ्राया नदीच्या पैलतीरावर वाट अरुण मंदिराचं शिखर रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांनी नि शिंपल्यांनी मढलेलं. सूर्य बुडतो, दिवे लागतात, आणि अख्खं शिखर सोन्याचं होतं! एप्रिलात आमची सावित्री नदी पोलादपूरकडे दगडगोट्यांतून वाट काढत असते. चाओ फ्राया मात्र भर उन्हाळ्यात दुथडी, अंगावर मालाचे अवाढव्य पडाव घेऊन चाललेली.

आधी आलं गडद निळं सरबत. लिंबू पिळलं, आणि डोळ्यांदेखत जांभळं झालं! गोकर्णाची फुलं ती. आपल्याकडे कुंपणावर फुलणारी, देवाला वाहायची, इथे पेल्यात.

मग म्येंग खाम. नागवेलीच्या कुळातलं हिरवंगार पान, त्यात भाजलेलं खोबरं, सुका जवळा, आलं, छोटा कांदा, शेंगदाणे, सालासकट लिंबाची चिमुकली फोड, मिरची, वर गुळचट घट्ट पाक. विड्यासारखी घडी घालायची आणि एका घासात तोंडात. आंबट, गोड, खारट, तिखट एकामागून एक येतात, डोळ्यांत पाणी उभं राहतं आणि हात पुढच्या पानाकडे जातो. महाडच्या बाजारात मापाने मिळणारा आपला जवळा इथे मानाच्या तबकात बसलेला पाहून मला फार आनंद झाला.

आणि मग तो भात, खाव चे. मूळचा मोन लोकांचा, सोंगक्रान या नववर्षाच्या सणाचा. पुढे थाई राजवाड्याने उचलला. तांदूळ अर्धवट शिजवून पाण्यात चोळचोळून धुतात, म्हणजे पेज सुटत नाही, मग वाफवतात. पाण्याला मोगऱ्याचा आणि सुगंधी मेणबत्तीच्या धुराचा वास दिलेला. सोबत कोळंबीच्या खारवलेल्या वाटणाचे तळलेले गोळे, सारण भरलेले कांदे, अंड्याच्या जाळीत गुंडाळलेल्या भरल्या मिरच्या, गोड मुळा. आधी तळणाचा तुकडा खायचा, मग थंडगार भाताचा चमचा. तोंडी लावणं भातात बुडवायचं नाही, पाणी गढूळ होतं. उन्हाळ्यात ताकभात खाऊन निवणारे आम्ही. फुलांनीही जेवण निववता येतं हे ठाऊकच नव्हतं!

बँकॉकला जायचं असेल तर एप्रिलात जा. ऊन सोसवत नाही, पण खाव चे त्या दिवसांतच सगळीकडे मिळतो.