जागल

रात्रीचे पावणेतीन. भिंतीवरच्या पडद्यावर हिरव्या ओळींतली एक ओळ लाल झाली. आमच्या नॅगिऑसच्या यंत्राचीच डिस्क 97 टक्के भरली होती. शेकडो सर्व्हरांची राखण करणारा जागल्याच आजारी.

आजोबा ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून जागल करत. माळ्यावरून सगळं शिवार दिसे. पण खसफस झाली की ते कंदील घेऊन खाली उतरत. लाल रंग बघून मीही उतरते.

त्या यंत्रात उतरायची वाट एसएसएचची. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 मध्ये तिथल्या तातू इलोनेन यांनी ती बांधली. पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपकाही उमटत नाही. मग काळोखात कर्सर लुकलुकत राहतो. मी काय विचारते याची वाट बघत.

'अपटाइम' विचारलं. शेवटचे तीन आकडे, गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांतल्या भाराची सरासरी. वैद्य नाडीवर तीन बोटं ठेवतो, तसे ते मला वाटतात. नाडी संथ होती.

'डीएफ' म्हणालं, जागा भरलीय. 'डीयू'ने एकेक फोल्डर मोजला, तर बेरीज निम्म्यावरच थांबली. दोघंही खरंच बोलत होते. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचं नाव जातं. पण एखादी प्रोसेस तिला धरून बसली असेल, तर जागा सुटत नाही. 'एलएसओएफ'ने ती दाखवली: एक जुनी लॉग फाइल, नावापुढे 'डिलीटेड', आणि तिच्यात अजूनही लिहीत असलेली एक प्रोसेस.

माझी बोटं थबकली. रेशनकार्डावरून आजोबांचं नाव कमी झालं, तरी ओसरीवरच्या त्यांच्या कोपऱ्यात आजी कुणाला बसू देत नसे.

मी प्रोसेस नव्याने सुरू केली. काहीच उमटलं नाही. काम नीट झालं की इथल्या बहुतेक आज्ञा अशाच गप्प राहतात. पुन्हा 'डीएफ': 46 टक्के. थोड्या वेळाने वरची ओळ हिरवी झाली.

'एक्झिट' लिहायला हात गेला, पण जरा वेळ तशीच बसले. शिवारातून फेरी मारून आल्यावर आजोबाही लगेच माळ्यावर चढत नसत. कंदील बारीक करून, बांधावर बसून, पिकाची सळसळ ऐकत राहत.