लाल कान

मी न केलेली एक चोरी माझ्या नावावर जमा आहे. सहावीत असताना सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले. गुरुजींनी वर्गाला उभे केले आणि एकेकाच्या तोंडाकडे सावकाश पाहत ते पुढे येऊ लागले. माझी पाळी येण्याआधीच माझे कान तापले, गाल पेटले. "चोराच्या मनात चांदणे!" गुरुजी म्हणाले. दोन दिवसांनी पैसे त्यांच्याच हजेरीपटात सापडले. पण पोरांनी ठेवलेले 'चोरट्या' हे नाव शाळा सुटेपर्यंत टिकले.

डार्विनसाहेबांनी १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. त्यात या लालीला एक अख्खे प्रकरण दिले आहे. त्यांच्या मते अपराधाच्या जाणिवेने माणूस लाल होत नाही. लोक आपल्याला अपराधी समजत असतील, या विचाराने होतो. गुरुजींनी तेवढे एक प्रकरण वाचायला हवे होते!

पुढे कचेरीत साहेबांनी नुसते नाव घेतले तरी मी गोरामोरा होई. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मनावर ताण आला की मज्जातंतूंच्या इशाऱ्याने चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ते तुमच्या हातात नाही." लाली कायम राहून नाका-गालांवर पुटकुळ्या आल्या तर तो रोझेशिया, त्यावर औषधे आहेत; पाळी जाण्याच्या वयात बायकांना येणाऱ्या गरम झळा निराळ्या; रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा लाल होतो. माझे यातले काहीच नव्हते. छातीतला मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया असते, हे ऐकून मी आशेने पुढे सरकलो.

"मग पुष्कळांची पाठ नि पोट घामाने निथळू लागते."

मी मागे सरकलो.

"आता आपण लाल होणार, ही धास्तीच लाली वाढवते," ते म्हणाले. "लपवू नका. सांगून टाका."

तेव्हापासून मी चारचौघांत बोलायला उभा राहिलो की आधी कानांची ओळख करून देतो. लाली येते, पण फार वेळ मुक्काम करीत नाही.

गेल्या महिन्यात कपाटातली पाचशेची नोट दिसेना. जेवताना मी सहज विचारले. आमची बारा वर्षांची कन्या पानावरच लालबुंद झाली. मी भुवया चढवून म्हणालो, "काय गं?"

"अहो, गॅसवाल्याला मी दिली ती," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझे कान तापू लागले होते.